दोन ब्रेकांच्या बाई

दोन ब्रेकांच्या बाईंकडे गाडी शिकायला जाणाऱ्याला पहिल्या दिवशी स्टिअरिंगला हात लावायला मिळत नाही. नवा माणूस हौसेनं आलेला असतो. पायात नवे बूट, कुणाच्या डोळ्यांवर काळा चष्मा. तो सरळ चालकाच्या दाराकडे वळतो, तर बाई म्हणतात, "तिकडे नाही, पुढं या. बॉनेटसमोर उभे राहा."

मग बाई स्वतः आत बसतात, काच खाली करतात आणि इंजिन सुरू करतात. हँडब्रेक ओढलेला असतो, गाडी तसूभर हलणार नसते, पण समोरच्याला ते ठाऊक नसतं. इंजिन घुमायला लागलं की तो माणूस, भले तो कचेरीत सगळ्यांवर डाफरणारा साहेब का असेना, एक पाऊल मागं सरकतो.

"घाबरलात?" बाई आतून विचारतात.

"छे! घाबरायचं काय त्यात?"

"मग मागं का सरकलात?"

 बाई उत्तरासाठी अडून बसत नाहीत. इंजिन बंद करून खाली उतरतात आणि म्हणतात, "आता जिथं उभे होतात ती जागा विसरू नका. उद्या तुम्ही आत असाल, तेव्हा तिथं दुसरं कुणीतरी असेल."

लोक म्हणतात, बाई शिकवतात चांगल्या, पण जरा चक्रम आहेत. हे चक्रमपण त्यांच्यात मुळात नव्हतं. ते कुठून आलं, त्याची ही हकिकत.

शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा बाजूला बसलेल्या शिकवणाऱ्याच्या पायाशी. बाईंचं नाव त्यावरून पडलं. खरं तर गाडी चालवायचा क्लास त्यांच्या यजमानांचा. त्यांना सगळे मास्तर म्हणत. शटर असलेली एक खोली, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा मोठा तक्ता, आणि टेबलावर रंगानं काढलेला चौक. त्या चौकात खेळण्यातल्या गाड्या फिरवून मास्तर शिकवायचे. लग्न होऊन आल्या तेव्हा बाईंना सायकलसुद्धा येत नव्हती. मास्तरांनी एका सकाळी मोकळ्या मैदानात त्यांना गाडीत बसवलं. पाऊल नुसतं टेकवलं आणि एवढं मोठं लोखंड हळूच पुढं निघालं, तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "रडतेस काय?" मास्तर म्हणाले. "हे माझं ऐकतंय," एवढंच त्या बोलू शकल्या.

पुढं मास्तरांना काचबिंदू झाला. नजर कडेकडेनं आत विझत गेली. एक दिवस रस्त्याकडेनं चाललेली एक म्हातारी त्यांना दिसलीच नाही, शिकणाऱ्या मुलीनंच ब्रेक मारला. मास्तर घरी आले, गाडीची चावी खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "उद्यापासून तू." तेव्हापासून गाडीत बाई आणि खोलीत मास्तर. तक्त्यावरची कुठली खूण कुठं आहे हे मास्तरांना इतकं पाठ, की ते पाठ फिरवून छडी बरोबर त्या खुणेवर टेकवायचे. यांना दिसत नाही हे बऱ्याच जणांना लायसन्स मिळेपर्यंत कळायचंच नाही.

गाडी सुरू करण्याआधी बाई स्टिअरिंगसमोर हात जोडायच्या. "देवा, गाडीला सांभाळ, शिकणाऱ्याला सांभाळ, मला सांभाळ." रोज हेच, याच क्रमानं.

"क्लचप्लेटचंही सांग त्याला," मास्तर चिडवायचे. "ती गेली तर फार खर्चात पाडते."

कागदपत्रांचं सगळं आधी मास्तर बघायचे. बाईंवर आलं त्या वर्षी विमेवाले भाऊ क्लासवर आले. मोठं पोट, काखेत हेल्मेट. खुर्चीत बसले की हेल्मेट मांडीवर घेऊन लहान मुलासारखं थोपटायची त्यांना सवय.

"बाई, एक भाग सक्तीचा, तो सोडता येत नाही. बाकीचे ऐच्छिक. आपली गाडी ठोकली, चोरीला गेली, जळली, पाण्यात बुडाली, त्याची भरपाई. शिवाय आत बसणाऱ्यांसाठी वेगळा घेता येतो. मास्तर सगळं घ्यायचे."

"सक्तीचा तेवढा द्या," बाई म्हणाल्या. "पोलिसाला दाखवायला."

"आणि गाडीचं?"

"माझ्या गाडीला दोन ब्रेक आहेत, भाऊ. मला काय होतंय?"

भाऊंनी हेल्मेट थोपटलं आणि उठले. बाईंच्या मनात हिशेब साधा होता. सक्तीचा विमा म्हणजे गाडी बाळगल्याची शिक्षा, आणि ऐच्छिक म्हणजे पैसेवाल्यांची चैन.

अशी चैन परवडणारी एक व्यक्ती घरातच होती. मास्तरांची धाकटी बहीण. पन्नाशी ओलांडली, स्वतःचं चष्म्याचं दुकान चालवते, तरी घरात ती अजून बेबी. बाई तिला बेबीताई म्हणायच्या. बेबीताई वहिनीच्याच क्लासात गाडी शिकली, कशीबशी पास झाली आणि तिनं नवी कोरी गाडी घेतली. इतकी चकचकीत, की तिच्या दारात डोकावून लोक भांग नीट करून घ्यायचे. विम्याचे ऐच्छिक भागही तिनं दुकानात फ्रेमी निवडाव्यात तसे निवडले. काचेचा घेतला, दिव्यांचा घेतला, चाकांचा घेतला.

"आणि वहिनी, चावी हरवली ना, तरी पैसे देतात!"

"चावी हरवण्याइतकी गाडी बाहेर काढणार आहात का पण?" बाई म्हणाल्या.

"म्हणून तर आले. उद्या सकाळी तू नुसती बाजूला बस. मला धीर येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी निघाल्या. बाईंनी सवयीनं हात जोडले. बाजाराचा रस्ता ठीक गेला. पोस्टाच्या वळणावर बेबीताईनं इंडिकेटर द्यायला दांडी खाली ओढली. क्लासच्या गाडीत इंडिकेटर ज्या हाताला होता, नव्या गाडीत त्या हाताला वायपर होते. कोरड्या काचेवर खर्रर खर्रर करत वायपर फिरायला लागले. "अगं बाई, हे काय!" म्हणत बेबीताईनं मान खाली घातली आणि बटणं शोधायला लागली.

समोर, आपल्या कडेनं, एक सायकलवाला चालला होता. मागच्या कॅरिअरवर लाकडी पेटी, हँडलला चाव्यांचे झुबके. घराघरांत फिरून कुलपांच्या चाव्या करून देणारा माणूस. बाईंना तो स्वच्छ दिसला. बाईंच्या पायालाही दिसला. इतक्या वर्षांत ज्यानं कधी दगा दिला नव्हता त्या पायानं सगळ्या ताकदीनिशी ब्रेक दाबला.

पायाखाली नवी रबरी चटई होती. नुसती चटई.

त्या पायावर बाईंचा इतका भरवसा होता, की ओरडावं, हात घालून हँडब्रेक ओढावा, यातलं काही सुचलंच नाही. गाडी थांबली तेव्हा सायकल आडवी होती, पेटी फुटली होती आणि रस्ताभर कोऱ्या चाव्या पसरल्या होत्या, अजून कुठल्याच कुलपाच्या न झालेल्या. वायपर फिरतच होते.

लोक जमले, पोलीस आले. बेबीताई एकच सांगत होती, "तोच एकदम आडवा आला हो! एकदम!" बाईंनी ते ऐकलं. त्या बरगडी दाबून पोस्टाच्या पायरीवर बसल्या होत्या. सीटच्या पट्ट्याचा हिसका बसून श्वास घेता येत नव्हता.

चावीवाल्याचा पाय मोडला होता आणि उजवं मनगट. बाई चालायला लागल्या तशा पहिल्यांदा त्याच्याकडे गेल्या. दवाखान्यात पलंगांच्या दोन ओळी, औषधाचा वास. त्याची बायको उशाशी उभी राहून त्याचे केस विंचरत होती, कारण त्याच्या हाताला प्लास्टर होतं.

त्यानं बाईंकडे निरखून पाहिलं. "तुम्ही दोन ब्रेकांच्या बाई ना? त्या दिवशी दोन्ही घरी ठेवून आला होतात का?"

"अहो, काय बोलता!" बायको म्हणाली.

"बोलू दे गं. बोलायला हात लागत नाही."

 मग तो जरा मऊ झाला. "पायाचं एवढं नाही, बाई. बसून काम करीन. पण हा पंजा..." त्यानं प्लास्टरकडे पाहिलं. "चावी घासताना कानस किती दाबायची, ते ह्यालाच माहीत. मला विचारलंत तर मला नाही सांगता यायचं. ह्याचं हा करायचा आणि मी आपला गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचो."



हां हां म्हणता बेबीताईची गाडी दुरुस्त होऊन आली. ती कौतुकानं दाखवायला घेऊन आली, म्हणजे गॅरेजवाल्यानं आणून लावली. ती स्वतः स्टिअरिंगला हात लावत नव्हती.

"बघ वहिनी, ओरखडा तरी दिसतोय? बंपर नवा, दिवा नवा. सगळं विम्यातून."

बाईंनी दिव्यावर हात फिरवला. "दिव्याला मिळालं," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या बरगडीचं?"

बेबीताई गडबडली. "अगं, आत बसणाऱ्याचा वेगळा घ्यावा लागतो म्हणे. सुचलंच नाही."

"म्हणजे दिव्याचा विमा होता, वहिनीचा नव्हता," मास्तर आतून म्हणाले. बाईंना हसू आलं आणि बरगडीत कळ आली. पण बेबीताई गेल्यावर हसू मावळलं आणि मागं नुसता संताप उरला. हा कसला न्याय? लोखंड चकचकीत होऊन परत येतं आणि माणूस दुसऱ्याच्या हातानं केस विंचरून घेत पडून राहतो. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. क्लासची गाडी विकायची आणि जे येईल ते चावीवाल्याच्या हातावर ठेवायचं. गाडी गेली तर क्लास जाईल, हे त्यांना कळत होतं. मास्तरांनी ऐकून घेतलं. टेबलावरच्या चौकात एक खेळण्यातली गाडी ते बोटानं पुढंमागं करत राहिले. मग म्हणाले, "भाऊला बोलाव. गिऱ्हाईक त्याच्याच माहितीत असेल."

भाऊ आले, बसले, हेल्मेट मांडीवर घेतलं. बाईंनी सगळं सांगितलं. थोपटणारा हात थांबला.

"बाई, एक विचारू? सक्तीचा विमा कुणासाठी असतो असं वाटतं तुम्हाला?"

"पोलिसासाठी."

भाऊ हसले नाहीत. उठून मास्तरांच्या टेबलाशी गेले. चौकात एक गाडी ठेवली आणि तिच्यासमोर फळ्याजवळचा खडूचा तुकडा उभा केला.

"ही गाडी. हा रस्त्यानं जाणारा माणूस. ऐच्छिक जे काही आहे, ते सगळं ह्या गाडीच्या बाजूचं. तिचा पत्रा, तिची काच, तिच्यात बसलेले. घ्या नाहीतर सोडा, तुमची मर्जी. सक्तीचा आहे तो ह्या खडूसाठी. त्याला लागलं, तो अपंग झाला, गेला, तर त्याला नाहीतर त्याच्या घरच्यांना. कायदा म्हणतो, स्वतःचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा, पण ह्याच्यासाठी आधी भरल्याशिवाय चाक रस्त्यावर आणायचं नाही."

"पण हा कोण, ते कुठं माहीत असतं?"

"नसतंच. नाव माहीत नसतं, तोंड माहीत नसतं. तो अजून भेटलेलाच नसतो."

बाई खडूकडे बघत राहिल्या. "म्हणजे मी इतकी वर्षं भरत होते, ते..."

"तुम्हाला कधीच न भेटलेल्या माणसासाठी. भेटला नाही ही देवाची कृपा."

"मग ते पैसे गेले कुठं?"

"दुसऱ्या कुणाच्या गाडीसमोर आलेल्याकडे. तुम्ही भरलेलं त्याच्या कामी आलं. आता असंच कुणीकुणी भरलेलं चावीवाल्याच्या कामी येईल. बेबीताईंचा विमा चालू होता, लायसन्स होतं, तेव्हा भरपाई कंपनी देईल. तुम्ही गाडी विकून काय करता?"

 मास्तरांनी हात पुढं करून खडू चाचपला, तो जागच्या जागी आहे ना हे बघितल्यासारखा.

"पण आपोआप नाही मिळत," भाऊ म्हणाले. "कोर्टात दावा चालतो. चूक कुणाची ते बघतात. चावीवाला आडवा आला असं ठरलं, तर त्याचं कापलं जाईल, त्याच्या चुकीच्या मानानं. आणि गाडीत तुम्ही दोघीच होतात, साक्ष तुमचीच घेतील."

दुसऱ्या दिवशी बाई एका परिचारिकेला शिकवायला घेऊन निघाल्या. मोठ्या चौकात सिग्नल लाल झाला. चारी बाजूंनी गाड्या थांबल्या आणि मधून माणसं रस्ता ओलांडायला लागली. भाजीची पिशवी घेतलेली बाई, खांद्यावर शिडी घेतलेला रंगारी, हातात हात घालून दोन म्हातारे. बाई बघत होत्या. चौक रोजचाच होता, पण आज त्यांना तो निराळा दिसत होता. ही लाल गाडी, तो मालाचा ट्रक, ती टॅक्सी, ती खडखडणारी जुनी मोटार, हे सगळे ह्या माणसांसाठी काहीतरी आधीच ठेवून आलेले. कुणी कुणाला ओळखत नाही. टॅक्सीवाला तर त्या म्हाताऱ्यांवर हॉर्न मारतोय. तरी त्यानंही त्यांच्यासाठी ठेवलंय, वर्षाचं वर्षाला, कुरकुरत, पोलिसाला दाखवायला म्हणून.

बाईंच्या अंगावर काटा आला. देवाला त्या रोज तिघांना सांभाळायला सांगत होत्या. गाडीला, शिकणाऱ्याला, स्वतःला. चौथा त्यांच्या प्रार्थनेत कधी आलाच नव्हता. आणि कुठल्यातरी कचेरीत बसून रुक्ष भाषेत कायदा लिहिणाऱ्या कुणाच्यातरी मनात मात्र तो चौथा आला होता. देव आपलं काम कुणाकुणाकडून करून घेतो!

"बाई, हिरवा झाला," परिचारिका म्हणाली.

"होऊ दे. ते म्हातारे पलीकडे पोचू देत."

कोर्टाचं बोलावणं आलं तशी बेबीताई दुकान लवकर बंद करून आली. आली ती बसलीच नाही.

"वहिनी, तू तिथं काय सांगणार आहेस?"

"दिसलं ते."

"म्हणजे सगळ्यांसमोर माझी लाज काढणार! एवढंच सांग ना की तो थोडा आत आला होता. थोडासा. कुणाचं काय जातंय?"

"त्याचं जातंय, बेबीताई. तो आडवा आला असं ठरलं तर त्याचं कापतात."

"आणि माझं घर-दुकान गेलं म्हणजे?"

"नाही जात. भाऊंना विचारा. त्याला द्यायचं ते तुमच्या खिशातून नाही जायचं." बाईंचा आवाज खाली आला. "मला तर ह्याचंच नवल वाटतं. खरं बोलायचं म्हटलं तर माणूस भितो, कारण ते परवडत नाही. तुम्हाला परवडावं म्हणून किती जणांनी भरून ठेवलंय! तुम्हीही भरलंय. खरं बोलायचे पैसे आधीच देऊन बसला आहात, आता नुसतं बोलायचं राहिलंय."

"आणि पोलिसांची केस?"

"ती तुमची. त्यातून कुठलाच विमा सोडवत नाही."

बेबीताईनं भावाकडे पाहिलं. "दादा, सांग की हिला!"

"बेबी," मास्तर म्हणाले, "मला दिसत नाही. जिला दिसलं तिला बोलू दे."

बेबीताई पर्स उचलून गेली. शटरला धडकली, तरी मागं वळून बघितलं नाही. पुढं कोर्टाच्या दिवसापर्यंत तिनं वहिनीचा फोन घेतला नाही.

कोर्टाची खोली बाईंना वाटली होती त्यापेक्षा लहान होती. पंखा, बाकं, फायलींचा ढीग. चावीवाला कुबडी घेऊन पुढच्या बाकावर बसला होता. प्लास्टर निघालं होतं, पण पंजा आत वळलेला. कंपनीचे वकील तरुण होते, सभ्य होते.

"तुम्ही गाडी शिकवता. समोर धोका दिसल्यावर तुम्ही काहीच कसं केलं नाही?"

"केलं. ब्रेक दाबला."

"बाजूच्या सीटला ब्रेक नसतो, बाई."

"हो," बाई म्हणाल्या. "नव्हता."

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. न्यायाधीशांनी मान वर केली. "सायकलवाला नेमका कुठं होता?"

"त्याच्या जागी होता, साहेब. कडेनं, सरळ. आम्हीच आमच्या जागी नव्हतो. माझ्या नणंदेचं लक्ष वायपरकडे होतं आणि मी माझ्या पायावर विसंबून राहिले."

मग बेबीताईला बोलावलं. ती उभी राहिली, हातात चष्म्याची डबी. तेवढ्यात चावीवाल्याची कुबडी घसरली. ती धरायला त्यानं उजवा हात पुढं केला, बोटं टेकली, पण मिटेनात. कुबडी खाली पडली. बेबीताई ते बघत राहिली. आयुष्यभर चष्म्यांचे मोहरीएवढे स्क्रू तिनं बोटांच्या टोकांनी बसवले होते. बोटं काय असतात हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"वहिनी म्हणते तसंच झालं," ती म्हणाली. "तो आडवा आला नव्हता. मी खाली बघत होते."

निकाल चावीवाल्याच्या बाजूनं लागला, काही न कापता. पैसे यायला वेळ गेला, पण आले, आणि कंपनीकडूनच आले. पोलिसांच्या केसमधला दंड बेबीताईनं स्वतः भरला, मुकाट्यानं. पंजा मात्र पहिल्यासारखा झाला नाही. कानशीची ती जादू गेली ती गेलीच. चावीवाल्यानं चाव्या कापायचं मशीन घेतलं आणि क्लासच्या पलीकडच्या कोपऱ्यावर टपरी टाकली. चावी मशीनमध्ये बायको बसवते, तो डाव्या हातानं चालवतो आणि गिऱ्हाइकाशी गप्पा मारतो.

बाई एकदा शटरची जादा चावी करून घ्यायला गेल्या.

"तुमच्या नणंदेला चावी हरवल्याचाही विमा आहे म्हणे," तो म्हणाला. "मग आम्ही काय करायचं? आमच्या पोटावर पाय!" मग मशीन थांबवून त्यानं एकदम विचारलं, "बाई, खरं सांगा. हे सगळं आलं ते पैसे कुणाचे? कंपनीचे म्हणतात, पण कंपनीकडे कुणाचे?"

"गाडीवाल्यांचे. सगळ्यांचे थोडेथोडे."

"म्हणजे हा जातोय, ह्याचेही असतील?"

समोरून एक जुनी निळी गाडी चालली होती. आत एक थकलेला, घामेजलेला माणूस.

"असतीलही."

चावीवाल्यानं वाकडा पंजा वर केला आणि कपाळाला लावला. गाडीतल्या माणसानं बुचकळ्यात पडून इकडंतिकडं पाहिलं, कुणी ओळखीचं आहे का म्हणून, आणि मग उगीच आपलाही हात वर करून तो निघून गेला. बाईंनी पदरानं डोळे टिपले. देवळातही त्यांना कधी इतकं भरून आलं नव्हतं.

त्या वर्षी भाऊ आले तेव्हा बाईंनीच विषय काढला. "शिकणाऱ्यांचा, आत बसणाऱ्यांचा घाला. गाडीचाही घाला, जमेल तेवढा. पण पहिला त्याचा."

"त्याचा म्हणजे?"

"खडूचा."

आणि थोड्याच दिवसांनी, शटर उघडायच्या वेळेला, बेबीताई दारात उभी होती. तिची गाडी झाकण घालून तशीच पडली होती.

"वहिनी, मला पुन्हा शिकव. पहिल्यापासून. तुझ्या गाडीवर." ती जरा थांबली. "दोन ब्रेकवाल्या."

बाईंनी चावी घेतली. काय करायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं, ते तोंडातून आपोआप आलं. "बेबीताई, आत नका बसू. पुढं या. इथं, बॉनेटसमोर उभ्या राहा."

बेबीताईनं का म्हणून विचारलं नाही. ती जाऊन उभी राहिली. बाई आत बसल्या. काचेतून त्यांना बॉनेटच्या वर नणंदेचा चेहरा दिसत होता. विस्कटलेले पांढरे केस, घट्ट मिटलेले ओठ. इतक्या वर्षांत गाडीसमोरचं माणूस बाईंनी असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी हात जोडले. "देवा, समोरच्याला सांभाळ." बाकी तिघांची नावं त्यानंतर आली.

इंजिन सुरू झालं. बेबीताई मागं सरकली नाही. तिनं डोळे मिटले आणि गुरगुरणाऱ्या बॉनेटवर अलगद हात ठेवला.

बाईंच्या पायाखाली खराखुरा ब्रेक होता, पाय त्यावर घट्ट होता. तरी त्यांनी हँडब्रेक पुन्हा एकदा ओढून पाहिला.